फूटबोर्डवरचा सिलिंडर

गेल्या शनिवारी मामेभावाने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. स्कूटरच्या फूटबोर्डवर भरलेला सिलिंडर, आडवा, सुतळीने बांधलेला. गोदामापासून थेट गिरगावापर्यंत. खाली अंगठ्यांची रांग. दुचाकीवरून भरलेला सिलिंडर न्यायला गॅस सिलिंडर नियमांत चक्क बंदी आहे, एवढंच मी लिहिलं. उत्तर आलं, "दादा, इतकी वर्षं नेतोय, काही झालं का? तुला तिथे इंग्लंडात बसून काय कळणार?"

आठ दिवस झाले, ते डोक्यातून जात नाही.

काही झालं नाही म्हणून धोका नव्हता असं होत नाही. १४.२ किलो गॅस आणि वर पोलादाचं वजन, म्हणजे जवळपास तीस किलो पायाशी. आडवा ठेवला की व्हॉल्व्हच्या तोंडाशी वाफेऐवजी द्रव येतो, आणि बाहेर पडलेल्या द्रवाचा सुमारे अडीचशे पट वायू होतो. हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचणारा. म्हणून "त्यापेक्षा गाडीच्या डिकीत टाकतो" म्हणणाऱ्या मावशींच्या जावयांचंही मला पटत नाही. काचा बंद, एसी चालू, वाटेत भाजीला थांबणार! सिलिंडर उभा हवा, घट्ट बांधलेला हवा, काचा उघड्या हव्यात आणि पोचल्यावर आधी तो उतरवायला हवा. रिकामासुद्धा तसाच न्यायचा, कारण आत थोडा गॅस उरतोच.

इथे स्लाउला बार्बेक्यूचा सिलिंडर बदलायला जाताना मी जानेवारीतही काचा खाली करतो. पेट्रोललाही इथे नियम आहेत. डबा प्लॅस्टिकचा असेल तर १० लिटरपर्यंत, धातूचा असेल तर २०. पंपावर तो जमिनीवर ठेवूनच भरायचा, स्थिर विजेची ठिणगी नको म्हणून. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल मागणारा इथे भेटणार नाही, इथली माणसं ऐकतात, असंही मी ग्रुपवर ठोकून दिलं. २०१२ मध्ये टँकरचालकांच्या संपाच्या भीतीने इथल्या एका मंत्र्याने घरी डबाभर पेट्रोल ठेवा म्हटलं होतं, आणि यॉर्कमध्ये एक बाई स्वयंपाकघरात पेट्रोल ओतताना भाजली होती. ते मला आठवत होतं. लिहिलं नाही.

लोकलमध्ये सिलिंडर नेता येत नाही. आमच्या चाळीत गाड्या किती जणांकडे? गोदामातून स्वतः उचलला तर डिलिव्हरीचे पैसे वजा होतात, पण कशावरून नेणार, हे फाटकावर विचारायला नको का? मी दहा वर्षांचा असताना बाबांच्या मागे स्कूटरवर बसून असाच सिलिंडर आणलाय. तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं, हेही खरं.

आणि ग्रुपवर कुणी बोललं नाही ते आता मीच सांगतो. तो सिलिंडर माझ्या आईचा होता. नंबर लावायला ती विसरली, दोन्ही संपले, डिलिव्हरीवाला चार दिवस येईना. तिने भाच्याला फोन केला. मला करून काय उपयोग होता? नियमाचं मी बोललो ते बरोबरच आहे, पुन्हा तसा आणला तर पुन्हा बोलेन, टेम्पोचे पैसे मी देतो हेही त्याला कळवलंय. पण फोटो पाहून मी व्हॉल्व्ह पाहिला, सुतळी पाहिली. पुढचे तीन मजले माझ्या मनातही आले नाहीत.

काल आईला विचारलं, वर कुणी चढवला?

"त्यानेच. खांद्यावरून. दोनदा टेकला मधे," ती म्हणाली. "तुझे बाबा एकदाच टेकायचे."