याना नोव्होत्नाला केवळ त्या अश्रूंसाठी लक्षात ठेवणे अन्यायाचे आहे

याना नोव्होत्नाचे नाव निघाले की बहुतेकांना एकच छायाचित्र आठवते: १९९३ च्या विम्बल्डनचा बक्षीस समारंभ आणि बक्षीस देणाऱ्या, ब्रिटिश राजघराण्यातील केंटच्या डचेसच्या खांद्यावर डोके ठेवून रडणारी याना. ते छायाचित्र मलाही हलवून सोडते, परंतु चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहराच्या या टेनिसपटूची सारी कारकीर्द त्या एका क्षणात कोंबली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्या अंतिम सामन्यात स्टेफी ग्राफविरुद्ध निर्णायक सेटमध्ये याना ४-१ अशी पुढे होती आणि स्वतःच्या सर्व्हिसवर ४०-३० असताना ५-१ होण्यासाठी तिला एकच गुण हवा होता. तिथे डबल फॉल्ट झाला (सर्व्हिसचे दोन्ही प्रयत्न चुकले), मग एक व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्याआधीच मारायचा फटका, चुकली, एक स्मॅश जाळ्यात गेला आणि हातातोंडाशी आलेला घास निसटला. ग्राफने सलग पाच गेम घेऊन सेट ६-४ असा जिंकला. याना दडपणाखाली कोसळली, असे तेव्हा म्हटले गेले आणि आजही म्हटले जाते. माझे मत थोडे वेगळे आहे. सर्व्हिस करून थेट जाळ्याकडे धाव घेणाऱ्या खेळाडूला बेसलाइनवर, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवर, थांबून प्रतिस्पर्ध्याच्या चुकीची वाट पाहण्याची सोय नसते, आणि तिचा हात किंचित जरी आखडला तरी ते प्रत्येक फटक्यात उघडे पडते. ज्या खेळाने तिला ४-१ पर्यंत नेले, त्याच खेळाची ही जोखीम होती. दडपण आलेच नाही, असा माझा दावा नाही; १९९५ मध्ये फ्रेंच ओपनला चँडा रुबिनविरुद्ध निर्णायक सेटमध्ये ५-० अशी आघाडी घेऊनही ती हरली होती.

पण त्यानंतर तिने काय केले, तेही पाहावे. १९९७ मध्ये ती पुन्हा विम्बल्डनच्या अंतिम फेरीत पोहोचली, पहिला सेट जिंकला आणि मार्टिना हिंगीसकडून हरली. १९९८ मध्ये मात्र उपांत्यपूर्व फेरीत व्हीनस विल्यम्सला, उपांत्य फेरीत हिंगीसला आणि अंतिम सामन्यात नताली तोझियाला ६-४, ७-६ असे नमवून, वयाच्या २९ व्या वर्षी, तिने विम्बल्डनच्या महिला विजेतीला मिळणारी थाळी उचलली, आणि तीही खेळण्याची पद्धत न बदलता.

दुहेरीकडे तर आपले लक्षच जात नाही. महिला दुहेरीत १२ आणि मिश्र दुहेरीत ४ ग्रँडस्लॅम विजेतेपदे, शिवाय हेलेना सुकोव्हाच्या साथीने १९८८ आणि १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्य, आणि १९९६ मध्येच एकेरीचे कांस्य! जाळ्याजवळ ज्या खेळाडूचा हात इतका भरवशाचा होता, तिला घाबरट ठरवणे मला पटत नाही.

यानाच्या निवृत्तीनंतर ब्रनोचीच टेनिसपटू बार्बोरा क्रेज्चिकोव्हा कनिष्ठ गटातून बाहेर पडल्यावर पत्र घेऊन तिच्या दारात गेली आणि यानाने तिला मार्गदर्शन करायचे मान्य केले. नोव्हेंबर २०१७ मध्ये, वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षी, कर्करोगाने याना गेली. २०२४ मध्ये क्रेज्चिकोव्हाने विम्बल्डन जिंकले, आणि विजेत्यांच्या फलकावर आपल्या नावाबरोबर यानाचे नाव पाहताच तिला रडू आवरले नाही.