आईच्या शिंका आणि बाळाचा चीक

गेल्या आठवड्यात खानापूरहून भाचीच्या सासूबाईंचा मेसेज आला : 'आईला अ‍ॅलर्जी, दमा किंवा अंगावर गांधी उठण्याचा त्रास असेल तर तो दुधातून बाळाच्या रक्तात उतरतो. पहिले तीन दिवस चीक पिळून टाका. शेंगदाणे, दूध, अंडी बंद करा. गोळी घेतली तर पाजू नका. डब्याची पावडर द्या.' खाली जोडलेले हात आणि 'प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा'. बेळगावातल्या आमच्या तीन ग्रुपांवर तोच. भाची ओली बाळंतीण, आणि शिंकांचं जुनं गिऱ्हाईक. रस्त्याकडेचं गाजर गवत, ज्याला आपल्याकडे काँग्रेस म्हणतात, फुललं की तिच्या हातातला रुमाल सुटत नाही.

'अ‍ॅलर्जी रक्तात उतरते.' नाही उतरत. शिंका येतात त्या आयजीई नावाच्या प्रतिपिंडामुळे. ते आईच्या नाकातल्या, कातडीतल्या, फुप्फुसातल्या पेशींना चिकटून बसलेलं असतं. गवताचे पराग आले की पेशी हिस्टामाइन सोडते आणि नाक वाहू लागतं. दुधात हे आयजीई जवळजवळ नसतंच. दुधात भरपूर असतं ते स्रावी आयजीए नावाचं दुसरं प्रतिपिंड, आणि त्याचं काम अगदी निराळं. ते सहजी पचत नाही आणि बाळाच्या रक्तातही जात नाही. आतड्याच्या अस्तरावर लेप बसवतं आणि जंतूंना चिकटू देत नाही. आईच्या आतड्याला जे जंतू भेटतात, त्यांची ओळख पटलेल्या पेशी स्तनापर्यंत प्रवास करून तिथे त्याच जंतूंविरुद्धचं आयजीए बनवतात. म्हणजे खानापूरच्या त्या घरातल्या पाण्याला, मातीला, गोठ्याला तोंड देईल असं दूध तिथेच तयार होतं. हे कुठल्या डब्यात मिळणार?

अ‍ॅलर्जीची प्रवृत्ती वारशाने येते, हे मात्र खरं. पण ती जनुकांतून, आणि बापाकडूनही. बापाला दमा असला तर मेसेजात त्याला काही बंद करायला सांगितलेलं नाही.

चिकाचं वाचून मात्र मला रागच आला. मी गेले तेव्हा सासूबाईंनी स्टीलच्या वाटीत चीक पिळून ठेवला होता. जेमतेम दोन चमचे, पिवळसर, मधासारखा दाट. 'मावशी, हे टाकायचं ना?' भाचीने विचारलं. याच घरात गाय व्याली की चिकाचा खरवस होतो आणि शेजारी वाटला जातो. कानडी शेजारीण त्याला गिण्णु म्हणते आणि वाटी भरून मागून नेते. गाईचा चीक प्रसाद, आणि सुनेचा मोरीत! आयजीए सर्वांत दाट असतं ते पहिल्या दिवसांतल्या या चिकातच. शिवाय त्यात जिवंत पांढऱ्या पेशी असतात आणि जंतूंना रोखणारं लॅक्टोफेरिन नावाचं प्रथिनही. दोन चमचे थोडे वाटतात, पण पहिल्या दिवशीच्या पोटाला एका वेळी तेवढंही पुरतं.

खाण्याबद्दलच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे. आईने खाल्लेल्या अन्नातली प्रथिनं दुधात येतात, पण अगदी लेशमात्र. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 23 स्तनदा मातांना 50 ग्रॅम शेंगदाणे दिले, तेव्हा 11 जणींच्या दुधात त्याचं प्रथिन सापडलं. त्या काळात, म्हणजे 2000 मध्ये, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने अ‍ॅलर्जीच्या घरातल्या स्तनदा आयांना शेंगदाणे टाळायला सांगितलं होतं. पुरावा टिकला नाही म्हणून 2008 मध्ये त्यांनी ते सोडून दिलं. मेसेजवाला अजून तिथेच आहे. पुढे 2015 मध्ये तर उलटंच दिसलं. जोखमीच्या 640 तान्ह्यांवरच्या ब्रिटनमधल्या चाचणीत शेंगदाणे टाळणाऱ्यांपैकी 17.2 टक्के मुलांना पाचव्या वर्षी त्याची अ‍ॅलर्जी होती. लवकर खाऊ घातलेल्यांत फक्त 3.2 टक्क्यांना. (अख्खा दाणा नव्हे हं, तो घशात अडकतो. आणि बाळाला तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टर.) तेव्हा बाळंतिणीची शेंगदाण्याची चटणी बंद करायचं काही कारण नाही, तिला स्वतःला ती बाधत नसेल तर.

अपवाद आहेत. काही बाळांना आईने प्यायलेल्या गाईच्या दुधाचा त्रास होतो आणि बाळाच्या शीमध्ये रक्ताचे धागे दिसतात. मग डॉक्टर आईला दोन-चार आठवडे दूध-दही सोडायला लावतात आणि पुन्हा सुरू करून पाहतात. पाजणं थांबवत नाहीत.

आता डबा. बहुतेक पावडर कशाची असते? गाईच्याच दुधाची. म्हणजे आईच्या दुधातून जे प्रथिन नॅनोग्रॅमात येतं, त्याच्या भीतीने तेच हजारो पटींनी पाजायचं. डब्याची जाहिरात करायला आपल्या देशात 1992 च्या कायद्याने बंदी आहे; मेसेज ती फुकटात करतोय. खरोखर गरज पडली तर डबा घ्यावा, त्यात कमीपणा नाही. पण शिंकांसाठी नव्हे.

गोळ्यांचं थोडक्यात : सेटिरिझिन, लोरॅटॅडिन या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या दुधात फार थोडी उतरतात आणि पाजताना चालतात. दम्याचा पंपही चालतो. गुंगी आणणाऱ्या जुन्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच. त्यांनी बाळही पेंगतं.

आपल्या भागात असा मेसेज मराठीत येतो आणि आरोग्य केंद्रातला 'एदे हालु'चा, म्हणजे आईच्या दुधाचा, फलक असतो कानडीत. सासूबाईंना तो वाचताच येत नाही. आशाताईंनी तायी कार्डाच्या, म्हणजे गरोदर बाईला मिळणाऱ्या सरकारी कार्डाच्या, मागे मराठीत चार ओळी लिहून दिल्या, तेव्हा कुठे वाटी मोरीऐवजी बाळाच्या तोंडाला लागली.

परवा पाहिलं तर भाची मान बाजूला वळवून शिंकत होती. बाळ दचकलं, सोडलं, पुन्हा धरलं.