उभ्याचं तिकीट

कोल्हापुरातल्या आमच्या जुन्या नाटकवाल्यांच्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद पेटलाय. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. ते होतं तसंच उभं करायचं ठरलं, आणि खुर्च्या कशा, एसी कसला, पार्किंग कुठं यावरून मंडळी हातघाईवर आलीत. मधेच कुणीतरी ठरलेलं वाक्य टाकतं, 'काय बांधायचं ते बांधा, पोरं नाटकाला येतच नाहीत.'

हे मी वाचतो तेव्हा बऱ्याचदा लंडनमध्ये तिकिटाच्या रांगेत असतो.

शिकायला आलो त्याच महिन्यात ग्लोबला गेलो होतो. शेक्सपिअरच्या काळातल्या थिएटरच्या धर्तीवर बांधलेलं हे थिएटर १९९७ मध्ये सुरू झालं. छप्पर आहे ते गॅलऱ्यांवर आणि रंगमंचावर. मधलं अंगण उघडंच, तिथं सातशे माणसं उभी राहतात. उभ्याचं तिकीट वर्षानुवर्षं पाच पौंड होतं. मध्यंतराआधी पाऊस सुरू झाला. छत्री उघडायची नाही, मागच्याला दिसत नाही. मी रंगमंचाच्या कडेला कोपर टेकून उभा होतो. कपाळावर उडतंय ते पावसाचं पाणी की नटाची थुंकी, कळत नव्हतं. पोटऱ्यांत गोळे आले. जरा खाली टेकलं की स्वयंसेवक आजीबाई येऊन खांद्याला हात लावायच्या, ऊठ बाळा. निम्मं इंग्रजी डोक्यावरून गेलं. पण कंटाळा आला तर निघून जायला काही वाटणार नाही, इतकंच तिकीट होतं. म्हणूनच बहुतेक शेवटपर्यंत थांबलो.

यावर ग्रुपवरचं उत्तर तयार असतं: 'तिकडं सरकार पैसे ओततंय.' ग्लोबला सरकारचं नियमित अनुदान नाही. माझ्या पाच पौंडांचा खड्डा गॅलरीत बाकावर बसणारे भरून काढतात, वर बुडाखालच्या उशीचं भाडंही देतात. नॅशनल थिएटरला अनुदान आहे, पण २००३ मध्ये तिथं दहा पौंडांची तिकिटं निघाली ती चलन बदलून देणाऱ्या एका कंपनीच्या पाठबळावर आणि नेपथ्याचा खर्च आवरून. उगाच इथलं गुणगानही नको. वेस्ट एंडची, म्हणजे लंडनच्या बड्या व्यावसायिक नाटकांची तिकिटं बघून घाम फुटतो. तिथं मी दोनदाच गेलोय, दोन्ही वेळा दुसऱ्यानं तिकीट काढलं म्हणून.

मला म्हणायचंय ते एवढंच, की थिएटरातली सगळ्यात वाईट जागा स्वस्तात विकायला लाज वाटू नये. आपल्याकडं व्यावसायिक नाटकाला तीनशे-चारशे रुपये, शिवाय रिक्षा. हॉस्टेलवरचा पोरगा एवढे पैसे घालून जातो तो खात्रीच्या नाटकाला, म्हणजे टीव्हीवर पाहिलेल्या चेहऱ्याच्या. आणि मागच्या रांगा? रिकाम्याच. आम्ही नाटक बघायला शिकलो ते राज्य नाट्य स्पर्धेत, चहा-वड्याच्या पैशांत. त्यातली निम्मी नाटकं भयाण असायची; पाठांतर विसरलेला राजा आणि विंगेतून ओरडणारा प्रॉम्प्टर मला अजून आठवतो. पण भयाण नाटक फुकटच्या भावात बघितल्याशिवाय चांगलं ओळखायचं कसं?

निर्मात्याकडं मॅनेजरी करणाऱ्या एका मित्राचं म्हणणं मात्र खरं आहे. मागच्या रांगेतला पन्नास रुपयेवाला अंधार पडला की पुढं सरकतो, आणि चारशेवाला दुसऱ्या दिवशी भांडायला येतो. मग पुढच्या रिकाम्या खुर्च्याच तिसऱ्या घंटेआधी अर्धा तास ओळखपत्र बघून पोरांना द्या की. रिकाम्या खुर्चीतून तसंही काय मिळतं? नाट्यगृहाचं भाडं तेवढंच, कलाकारांची नाईट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, तेवढंच.

आपल्याकडंही उभ्याची जागा ठेवा म्हटलं, तेव्हा मात्र एकानं मला गप्प केलं. 'जळालेल्या थिएटरात माणसं उभी करणार?' जुनं ग्लोबही जळालं होतं, १६१३ मध्ये, नाटकात उडवलेल्या तोफेची ठिणगी गवताच्या छपरावर पडून. एका प्रेक्षकाची विजार पेटली, ती बिअर ओतून विझवली म्हणतात. लगेच पुढच्या वर्षी थिएटर पुन्हा उभं राहिलं. आजच्या ग्लोबवरही गवताचंच छप्पर आहे, १६६६ च्या मोठ्या आगीनंतर लंडनमध्ये परवानगी मिळालेलं पहिलं. पण त्या गवतावर पाण्याचे फवारे बसवलेत, दारं जुन्यापेक्षा जास्त आहेत आणि अंगणात किती माणसं घ्यायची ते ठरलेलं आहे.

हे सगळं काल रात्री ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं: शाहू महाराजांनी नाट्यगृहाशेजारी खासबाग मैदान बांधलं, तिथं मातीच्या उतारावर बसून गाव कुस्ती बघतो, खुर्चीवाचून कुणाचं अडत नाही, मागच्या दोन रांगांत खुर्च्याच बसवू नका, कठडा ठेवा. सकाळी उठून पाहिलं तर दोन अंगठे आले होते, आणि त्याखाली एसीचं नवं कोटेशन.