सगळीकडे रूट, सगळीकडे एकच पासवर्ड? अजिबात नको

भाच्याला सर्व्हर सांभाळायची नोकरी लागून तीन महिने झाले. परवा त्याने एक फॉरवर्ड पाठवला, खाली प्रश्न: "मामा, हे करू ना?" मजकूर असा: प्रत्येक मशीनचं लॉगिन वेगळं असेल तर अपग्रेड ऑटोमेट होत नाही. म्हणून सगळीकडे रूटचं (म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचं) लॉगिन उघडा, एकच पासवर्ड ठेवा, तो 'एसएसएचपास'ला (एसएसएच म्हणजे दुरून मशीनवर लॉगिन करायची सोय, तिला पासवर्ड आपोआप देणारं हे हत्यार) देऊन सगळ्या मशीनवर लूप फिरवा, होस्ट-की (मशीनची ओळखखूण) तपासूच नका, शेवटी सगळं एकदम रीबूट.

पहिलं वाक्यच खोटं. ॲमेझॉनच्या क्लाउडवर लिनक्सच्या प्रकारागणिक लॉगिन वेगळं: उबंटूचं लॉगिन 'उबंटू', डेबियनचं 'ॲडमिन', ॲमेझॉन लिनक्सचं 'ईसी२-युजर'. लोक रोज अशा मिसळीवर काम करतात. अँसिबल, म्हणजे अनेक मशीनवर कामं आपोआप करवणारं साधन, त्याच्या इन्व्हेंटरीत (मशीनच्या यादीत) मशीनच्या नावापुढे 'अँसिबल_युजर' लिहिलं की झालं. अँसिबल नको असेल तर एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये मशीनगणिक युजर लिहिता येतो, फुकटात.

आता तो रूटचा पासवर्ड. ओपनएसएसएच या एसएसएचच्या सॉफ्टवेअरने 2015 मध्ये, 7.0 आवृत्तीपासून, रूटला पासवर्डने आत घेणं मुळातच बंद ठेवलं. हे महाशय ते हाताने उघडायला सांगतात! वर पासवर्ड सगळीकडे तोच, म्हणजे एक मशीन फुटलं की सगळी फुटली. आणि तो लिहायचा कुठे, तर कमांडमध्येच. एसएसएचपासचं स्वतःचं मॅन पेज, म्हणजे माहितीपत्रक, उघडून बघा: कमांडमध्ये पासवर्ड देणं हा सर्वांत असुरक्षित मार्ग, मशीनवरच्या कोणालाही साध्या 'पीएस'ने (चालू प्रोग्रॅम दाखवणाऱ्या कमांडने) तो दिसू शकतो, लपवायचा आमचा प्रयत्नही पुरा पडत नाही. हत्यार बनवणाराच हात जोडून सांगतोय, अजून काय हवं? शेलच्या हिस्टरीत, म्हणजे टाइप केलेल्या कमांडच्या नोंदीत, तो पडून राहतो ते वेगळंच.

होस्ट-की न तपासणं म्हणजे दारात कोण आहे हे न बघता किल्ली देणं. एकदम रीबूटबद्दल काय बोलायचं. अँसिबलमध्ये 'सिरियल: 1' लिहा, एकेक मशीन होईल.

एक मान्य करतो, नाइलाजाने: प्रत्येक मशीनचा सुडो पासवर्ड (साध्या लॉगिनवरून रूटचे अधिकार घ्यायचा) वेगळा असला की खरंच डोकेदुखी होते. पण ते पासवर्ड मशीनवार अँसिबलच्या व्हॉल्टमध्ये, म्हणजे कुलूपबंद फाइलमध्ये, ठेवता येतात. आणि डेबियन-उबंटूवर नुसते सुरक्षा अपडेट हवे असतील तर ते आपोआप बसवणारं 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' आहेच, बाहेरून लॉगिन करायचीही गरज नाही.

भाच्याला इन्व्हेंटरी लिहून पाठवली. मग कळलं, दोन मशीनवर त्याने फॉरवर्डचा प्रयोग आधीच केलाय. आज संध्याकाळी दोघं बसून तो पासवर्ड बदलणार आहोत.