सातबारा भिंतीवर

आमच्या गावात भिंतीवर काय लावायचं हे ठरलेलं आहे. देव, कृषी सेवा केंद्राचं कॅलेंडर आणि वारलेली माणसं. यापलीकडे काही लावलं की येणारा चपला काढता काढताच आवाज खाली आणून विचारतो, "कोण गेलं?" माझी नवी फ्रेम पाहून शेजारच्या काकूंनी तर पदर तोंडाशी नेला होता. आत माणूसच नाही, नुसता एक काळा रवाळ आकार आणि वर कोपऱ्यात तांबडी रेघ आहे, हे दिसल्यावर त्यांचा चेहरा असा उतरला की मलाच वाटलं, कोणी गेलं असतं तर बरं झालं असतं.

मी लिथोग्राफ जमवतो. शाळेतला पगार आणि पाच एकर पऱ्हाटी यांत घर चालवून जे उरतं त्यात जमवतो, त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यातला हा बहुधा एकमेव संग्रह अजून एका भिंतीच्या वर गेलेला नाही. उपद्रव मात्र आख्ख्या घराला पुरतो.

सगळ्यात आधी समजावून सांगणं आलं. "दगडावर काढलेलं चित्र आहे," म्हटलं की पुढचा प्रश्न, "मंग दगड कुठाय?" लिथोग्राफचा सगळा कारभार तेल आणि पाणी यांच्या भांडणावर चालतो. बव्हेरियातल्या गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर चित्रकार तेलकट खडूनं चित्र काढतो. त्यावर डिंकाच्या पाण्यात थोडं आम्ल घालून हात फिरवतात. मग दगड ओला केला की कोरी जागा पाणी धरून ठेवते आणि खडूची जागा पाणी झिडकारते. शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त खडूला धरते. वर कागद, त्यावर दाब, की चित्र उलटं उमटलं. दुसरा रंग पाहिजे तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. हे म्युनिकच्या आलोइस सेनेफेल्डर नावाच्या नाटककाराला सुचलं. १७९६ साली आईनं धुण्याच्या कपड्यांची यादी लिहायला सांगितली, परटीण दारात उभी, कागद सापडेना, तेव्हा त्यानं ती हाताशी असलेल्या दगडावरच खरडली, असं त्यानंच लिहून ठेवलंय. पुढं दोनेक वर्षांत तेलापाण्याचं गणित बसलं. ही गोष्ट मी घरी मोठ्या रंगात सांगितली. बायको म्हणाली, "आईनं सांगितलेलं काम त्यानं आधी केलं. तेवढं घ्या त्यातून."

आईची तऱ्हा वेगळी. देवघरातली तिची लक्ष्मी रविवर्मा प्रेसची. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. जर्मन कारागीर आणून त्यानं देवादिकांना दगडावरून घरोघरी पोचवलं. हे कळल्यावर आई म्हणाली, "म्हंजे घरात होतंच. मंग तू पैसे कायले घातले?" तिच्या लक्ष्मीच्या कपाळावर इतक्या वर्षांच्या हळदीकुंकवाचा थर आहे. कागद जपायचा तर तो लावू नये, असं एकदा बोलून पाहिलं. पुन्हा बोललो नाही.

स्टाफरूममध्ये मुख्याध्यापकांचं म्हणणं, मॉडर्न आर्ट हे आपलं नव्हेच. मी म्हणालो, सर, चित्रकार गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले, रझा नागपूरच्या आर्ट स्कूलमध्ये शिकले, आणखी किती आपलं पाहिजे? "मंग रझा पॅरिसले काऊन गेले?" म्हणाले. १९५० साली गेले हे मला पाठ आहे, काऊन ते मात्र चहा संपेपर्यंत सांगता आलं नाही.

खरा रसिक निघाला तो आमचा सालदार. त्याला मोबाईलवर पिकासोचा बैल दाखवला. पॅरिसला मूर्लो यांच्या छापखान्यात १९४५ च्या डिसेंबरात पिकासोनं बैल काढायला घेतला आणि जानेवारी संपेस्तोवर त्याच बैलाचे अकरा छाप काढले. आधी चांगला धष्टपुष्ट, मग एकेक करत मांस उतरवलं, आणि अकराव्याला मोजक्या रेघा उरल्या. सालदारानं बोटानं एकेक चित्र पुढं सरकवलं, पोळ्याच्या बाजारात दात बघतात तितक्या बारकाईनं. शेवटी मोबाईल परत देत म्हणाला, "सर, हा सातव्यालेच इकाले पायजे होता."

घेण्याची कथा निराळी. पिकासो, शागाल, मिरो यांच्या सहीचे कागद लिलावात कुठं जातात ते मी रात्री मोबाईलवर बघतो आणि सकाळी बोंडअळीच्या फवारणीला लागतो. स्वस्तात दिसतात ते बहुतेक चित्रकाराच्या चित्रावरून दुसऱ्यानं छापलेले असतात, आणि सहीसुद्धा छापलेलीच असते. साल्वादोर डालीनं तर म्हातारपणी कोऱ्या कागदांवर हजारोंनी सह्या करून ठेवल्या, त्यांवर पुढं कोणी काय छापलं याला हिशेब नाही. आमच्याकडे कोऱ्या कागदावर सही करायची ती सावकारासमोर, आणि तिचे परिणाम आम्हाला माहीत आहेत. तेव्हा मी डालीच्या वाटेला जात नाही.

पारखायला भिंग लागतं. कपाशीच्या पानामागचे फुलकिडे मोजायला घेतलेलं माझ्याकडे आहेच. ऑफसेटचा छाप त्याखाली धरला की ओळीनं मांडलेले रंगीत ठिपके दिसतात, निळा, गुलाबी, पिवळा, काळा. लिथोग्राफमध्ये ओळ नाही, शिस्त नाही. दगडाच्या खरखरीत पाठीवर खडू जिथं टेकला तिथं दाणा, नाही टेकला तिथं कोरं. माझं चित्र मी बडोद्याला शिकलेल्या एका तरुण चित्रकाराकडून थेट मागवलं. सहा हजार रुपये. तहसीलसमोरच्या झेरॉक्सवाल्याला आकडा कळला तेव्हापासून तो मला पाहिलं की रंगीत प्रिंटचा भाव ओरडून सांगतो. वीस रुपये. लॅमिनेशनसकट चाळीस.

कुरिअर गावात येत नाही. "तालुक्याले या, बसस्टँडवर उभा हाओ," असा फोन येतो आणि आपण पोचेस्तोवर तो तिथून निघून गेलेला असतो. कसाबसा चित्राचा नळा ताब्यात आला. एसटीत तो मांडीवर आडवा धरून बसलो तर शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "किती इंची?" मी म्हणालो चार. "ठिबक का तुषार?" पुढच्या सीटवरून कोणी तरी सबसिडीचं विचारलं. मी तुषार सांगून मोकळा झालो, कारण उतरायला अजून सहा थांबे होते.

मग फ्रेमवाला. तालुक्यातला हा भला माणूस गजानन महाराज, पुढारी, नवरा-नवरी आणि स्वर्गवासी अशा चारही शाखा सांभाळतो. त्यानं टेबलावरचा फेविकॉलचा डबा बाजूला केला, कागद पसरला, चारी बाजूंच्या पांढऱ्या पट्टीवर लोखंडी पट्टी ठेवली आणि कटर उचललं. मी त्याचं मनगट धरलं.

"हे पांढरं उगाच हाय ना, सर. काढलं म्हंजे चित्र मोठं दिसते."

पांढरं ठेवायचं, असं मी सांगितलं. त्याला पटलं नाही, पण गिऱ्हाईक मास्तर आहे म्हणून सोडून दिलं. पुढच्या क्षणी त्याच्या हातात खोडरबर होतं.

"खाली कोण्या पोट्ट्यानं पेन्सिलीनं खरडलं. पुसून देतो. याचे पैसे नाही घेत."

ती चित्रकाराची सही होती. डाव्या बाजूला तितक्याच फिक्या पेन्सिलीत त्यानं ७/१२ लिहिलं होतं. बारा छाप काढले, त्यातला हा सातवा. सहा हजारांपैकी निदान पाच हजार त्या दोन खरडींचे आहेत, हे मी त्याला सांगितलं नाही, कारण त्यानं मला बसवून पाणी पाजलं असतं. काचेला कागद टेकू नये, पाठीमागं आम्लरहित पुठ्ठा पाहिजे, फेविकॉल अजिबात नको, एवढं मात्र वदवून घेतलं. "आम्ल नसलेला पुठ्ठा" हे ऐकून त्यानं दुकानातले सगळे पुठ्ठे हुंगून पाहिले. शेवटी तो नागपूरहून मागवावा लागला.

फ्रेम भिंतीवर चढली आणि ७/१२ नं रंग दाखवायला सुरुवात केली. पहिल्यांदा आले माझे सहावीचे विद्यार्थी. एकानं आकडा वाचून दुसऱ्याला हळूच सांगितलं, "बारापैकी सातच भेटले. सर घरी लावून बसले." तिथून बातमी पारावर गेली ती अशी की सरांनी सातबारा फ्रेम करून ओसरीत लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा चुलतभाऊ दारात हजर. आमचा दोघांचा धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद वडिलांच्या काळापासूनचा. तो आत आला, बसला नाही, थेट फ्रेमसमोर जाऊन उभा राहिला.

"दादा, माझं नाव कुठाय?"

मी सांगितलं, हे चित्र आहे.

"चित्र मलेही समजते. काळं म्हंजे जमीन. अन् ही लाल रेघ धुरा नाही तं काय हाय? अन् तुमच्याकडून झुकेल हाय."

रेघ खरोखरच थोडी त्याच्या बाजूला झुकलेली होती. मी त्याला बसवून चित्राचा सातबारा कसा असतो ते सांगितलं. कोणी काढलं, कोणी घेतलं, त्याच्याकडून कोणाकडे गेलं, याची जी नोंद राहते ती म्हणजे फेरफार. ती साखळी कुठं तुटली की चित्राचा भाव पडतो, शेताचा पडतो तसा. हे त्याला इतकं चांगलं समजलं की त्यानं चहा घेतला, चित्रकारापासून माझ्यापर्यंतचा फेरफार बघायला मागितला, मी ठेवलेली पावती दोनदा वाचली आणि जाताना म्हणाला, "वारसात मले टाकजा."

भिंत निवडतानाही घरात महाभारत झालं होतं. आमचं घर कवेलूचं. पूर्वेच्या भिंतीला उधई, पश्चिमेच्या भिंतीवर ऊन. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की माजघरात कूलर लागतो आणि त्याच्या ओल्या वाऱ्यात पापडसुद्धा तग धरत नाही, तर कागद काय धरणार? त्यावर तांबूस डाग पडले की ते काही केल्या जात नाहीत. शेवटी उन्हापासून, कूलरपासून आणि उधईपासून लांब अशी एकच भिंत उरली, ती ओसरीची. आणि ओसरीत आमचा कापूस असतो.

विदर्भात कापूस वेचला की लगेच विकत नाहीत. भाव चढेल या आशेवर घरात भरून ठेवतात आणि त्याच्या कडेनं घरातली माणसं राहतात. यंदा भाव हलला नाही. दिवाळीनंतर ढीग चित्राच्या तळाला लागला, संक्रांतीला सही आणि सातबारा आत गेले, आणि जानेवारीअखेर फक्त ती तांबडी रेघ वर उरली. पाहुण्यांनी विचारणं बंद केलं. बायकोला चित्र पहिल्यांदाच आवडू लागलं.

फेब्रुवारीत खेडा खरेदीवाला आला. त्यानं ढिगात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर कापूस काढला, दोन अंगठ्यांत धरून धागा ताणला, तोडला आणि गालाला लावला. "ओल हाय, सर." बाहेर ऊन मी म्हणत होतं. मग त्याची नजर वर गेली. कापूस बाजूला सारून त्यानं आख्खं चित्र मोकळं केलं.

"केवढ्याले?"

सांगितलं. तो हसला नाही. गावात न हसलेला हा पहिला माणूस.

"अशे किती हाय?"

"बारा."

"बाराही एकदम उचलले तं काय लावंल तो?"

बाकीचे अकरा केव्हाच गेले, म्हणालो.

"मंग आणखीन छापून देईल."

"नाही. दगड घासून टाकला. आता तेरावं निघत नाही."

त्यानं हातातला कापूस खाली टाकला. "म्हंजे आवक बंद."

"बंद."

"कायमची?"

"कायमची."

"मंग हे इकू नका, सर. भाव चढंल याचा."

एवढ्या वर्षांत माझा छंद एका वाक्यात समजलेला माणूस माझ्याच ओसरीत उभा होता. मी घाईघाईनं कापसाचा भाव विचारून घेतला. त्यानं पुन्हा ढिगात हात घातला, गालाला लावला.

"याची आवक तं लय हाय," म्हणाला, आणि बाजारभावाच्या तीनशे खाली बोलला.