होडीचं तिकीट नसतं म्हणे

आत्ता साताऱ्यात घरी पोचलो. खांदे भरून आलेत, दोनदा चहा झालाय, तरी डोकं शांत होत नाही म्हणून लिहितोय. लांबणार आहे, रील बघायची असतील त्यांनी खुशाल पुढं जा.

आज शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, वल्हवायला गेलो होतो. माझी सी कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची लांबट अरुंद होडी, तुम्ही बघितलीय. अंगणात उलटी टांगलेली असते ती पिवळी, जिच्यावर आमच्या हिनं गेल्या उन्हाळ्यात कुरडया वाळत घातल्या होत्या. 17 फूट लांब, रुंदी दोन फुटांच्या आत, वजन 26 किलो. गाडी अलीकडच्या काठाला लावून सकाळी पलीकडं गेलो. पाणी असं निवांत की वल्ह्यावरून पडलेला थेंब ऐकू यावा. भाकरी खाल्ली, झाडाखाली जरा पडलो आणि उठतोय तर वारा सुटलेला. कोयनेचं पाणी ज्यांना माहीत आहे त्यांना काय सांगायचं! दोन्ही अंगाला डोंगर, मधे पाण्याची लांबच लांब गल्ली. दुपारनंतर त्या गल्लीतून वारा फुंकणीतून आल्यासारखा येतो. एकटा होतो, पन्नाशी जवळ आलीय. म्हटलं आज शहाण्यासारखं वागू आणि लाँचनं परत जाऊ. कयाक दोन चाकांच्या ट्रॉलीवर चढवली, पट्टे आवळले आणि ओढत ओढत घाटावर गेलो.

घाटाचं नाव लिहीत नाही. तिथल्या पोराची नोकरी आहे.

"काका, माणसाचं तिकीट हाय. दुचाकीचं हाय, चारचाकीचं हाय. ह्याचं न्हाई."
"मग सामान धर."
"एवढं लांब सामान नसतंय."
"मग गाडी धर. चाकं आहेत बघ दोन."
"नंबर कुठाय गाडीला?"

मागून कुणीतरी म्हणालं, "होडी हाय तर होडीतनं कशाला न्यायची?" अख्खा घाट हसला. मीपण हसलो, खोटं कशाला बोलू.

लाँच राहू दे, शेजारी तराफा लागलेला. त्यावर तीन जीपा चढल्या. एकीत स्पीकर चालू, दुसरीच्या टपावर प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत. जीपा आणि कठड्याच्या मधे एवढी जागा की माझ्यासारख्या दोन कयाक आडव्या पडल्या असत्या. मी म्हटलं, सगळ्यात शेवटी चढवतो, म्हणजे कुणाची गाडी मागं घेताना आड येणार नाही. आतलं सगळं सामान काढून पोत्यात भरतो, चाकं सोडतो, खाली जुनी ट्यूब टाकतो, पुढून-मागून कठड्याला बांधतो आणि स्वतः शेजारी उकिडवा बसतो. पैसे जीपचे घे. तर म्हणे, "वर विचारावं लागंल." वर म्हणजे कुठं? फोनला रेंज नाही. वर आभाळ होतं फक्त.

आणि मला आज्जीचं दार आठवलं.

आईचं माहेर त्या पाण्यापलीकडं. आज्जीचं पहिलं घर धरणात गेलं. दुसरं तिनं हळूहळू, दर वर्षी एक भिंत असं उभं केलं. 1986 साली मेढ्याच्या सुताराकडून तिनं दाराची दोन फळ्यांची जोडी करून आणली, सागवानी. एसटीच्या टपावरून काठापर्यंत आणि तिथून लाँचवर. मी आठ वर्षांचा, तिच्याबरोबर. लाँचवाल्यानं बघितलं, विडी बाजूला ठेवली आणि "म्हातारे, तुझ्या दाराला कडी कुठाय?" एवढंच विचारलं. दारं टपावर गेली. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून आज्जी त्यांच्यावर बसली, मी आज्जीच्या मांडीवर. दार कुठल्या प्रकारात मोडतं याचा विचार त्या लाँचवर कुणाच्या मनात आला नाही.

बरं, त्या पोराचंही बरोबर आहे. 2019 च्या पुरात सांगलीकडं ब्रह्मनाळला होडी उलटून माणसं बुडाली, ते आपण विसरलेलो नाही. पाण्यावर "चालतंय की" म्हणणारा माणूस नको, हे मला मान्य. 17 फुटांचं धूड वाऱ्यानं फिरलं तर कुणाच्या तरी कानफटात बसेल, तेही मान्य. झालं?

पण मग तेच वारं जीपच्या टपावरच्या खुर्च्यांना लागत नाही का? दोन टन लोखंड घेऊन या, तुमच्यासाठी फळी टाकतात, "या साहेब, थोडं डावीकडं" म्हणतात. हातानं ओझं ओढत चालत आलात की तुमचं काय करायचं हे कुणालाच कळत नाही. ही फक्त माझ्या शौकाची रड नाही हो. माझी कयाक खड्ड्यात गेली. उद्या पलीकडच्या कुणाला कपाट न्यायचं असेल, कुणाला पत्रे, कुणाला आजारी म्हातारा खाटेसकट, तर त्यांनीही "वर" विचारायचं? ज्या पाण्यावर 1,960 मेगावॅटचा प्रकल्प चालतो, त्या पाण्याकाठच्या माणसाला त्याचं दार घरी न्यायची सोय असू नये?

आज्जीच्या दाराच्या दोन्ही फळ्या अजून शाबूत आहेत. कडी मात्र तिनं शेवटपर्यंत बसवली नाही. आत सुतळी बांधायची.

हे लिहिता लिहिता राग उतरतोय, कारण पुढचं आठवतंय. लाँचच्या रांगेत माझ्या पुढं एक मावशी होती, कडेवर शेळीचं करडू. करडाला तिकीट नव्हतं, करडू गेलं. मावशीच्या जावेचं घर घाटाला लागूनच. तिनं खालूनच हाक मारली, जाऊ बाहेर आली, कयाकीभोवती एक फेरी मारली, टकटक वाजवून बघितली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे माझ्या गोठ्यात. पर म्हशीच्या तोंडाकडनं ठिवू नगा, चाटून काढंल." ते तिकीटवालं पोरगंच मग खाली येऊन कयाकीचं एक टोक धरून गोठ्यापर्यंत आलं. काका, तुमच्यासाठी विचारून ठेवतो म्हणालं. मी एकट्या माणसाचं तिकीट काढून, वल्हं दोन तुकडे करून काखेत मारून अलीकडं आलो. वल्ह्याचं त्यानं काही विचारलं नाही.

तर आता कामाचं. कयाक पलीकडच्या गोठ्यात आहे. रविवारी पहाटेच्या पहिल्या लाँचनं जाऊन, वारा सुटायच्या आत वल्हवत आणायचीय. सोबत कुणी येणार असेल तर खाली लिहा, पोहे माझ्याकडून. पुढच्या आठवड्यावर ढकलता येणार नाही. म्हैस आठ दिवसांत व्यायचीय आणि तिला जागा लागणार आहे.