मायकेल जॉर्डनला शाळेने संघातून हाकलले नव्हते

परीक्षांचे निकाल किंवा शालेय संघांच्या निवड-चाचण्या जवळ आल्या की मराठी व्हॉट्सअॅप-गटांतून एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: मायकेल जॉर्डन न्यूयॉर्कच्या झोपडपट्टीत जन्मला, तेराव्या वर्षी वडिलांनी त्याला एक जुना कपडा विकायला देऊन आयुष्याचा धडा दिला, शाळेच्या प्रशिक्षकाने ‘तुला खेळता येत नाही’ असे सांगून त्याला बास्केटबॉल-संघातून हाकलले, तो खोली बंद करून रडला, पुढे केवळ जिद्दीच्या बळावर जगातला सर्वश्रेष्ठ खेळाडू झाला, नऊ हजार वेळा नेम चुकला तरी खचला नाही, आणि आज एका संघाचा मालक आहे. यांतले रडणे खरे आहे. बाकीच्यापैकी काही निव्वळ खोटे, तर काही इतके अर्धवट आहे की त्यातून निघणारा अर्थ जॉर्डनच्या कारकिर्दीला लागूच पडत नाही.

झोपडपट्टीपासून सुरुवात करू. जॉर्डनचा जन्म १७ फेब्रुवारी १९६३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला, एवढे बरोबर आहे. मात्र वडील जेम्स जॉर्डन हवाई दलातल्या नोकरीनंतर तांत्रिक शिक्षणासाठी तेथे तात्पुरते राहिले होते आणि मायकेल अगदी लहान असतानाच हे कुटुंब नॉर्थ कॅरोलायना राज्यात परतले. तो वाढला त्या राज्यातल्या विल्मिंग्टन शहरात. वडील जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यात कामाला लागून पर्यवेक्षकाच्या पदापर्यंत पोहोचले, आई डेलोरिस बँकेत नोकरी करत असत. पाच मुलांचे हे घर श्रीमंत नव्हते, पण दोन पगारांचे आणि नीट चाललेले होते. परसात वडिलांनी बास्केटबॉलचे मैदान तयार केले होते आणि तेथे थोरला भाऊ लॅरी मायकेलला नेमाने हरवत असे. जुन्या कपड्याच्या कथेत एक प्रसिद्ध अभिनेत्री न्यूयॉर्कला येते, त्या कपड्यावर सही करते आणि लिलावात त्याचे बाराशे डॉलर होतात. कथानायक तेरा वर्षांचा म्हणजे साल १९७६ चे आणि त्या साली जॉर्डन न्यूयॉर्कपासून शेकडो किलोमीटर दूर शाळेत जात होता. या कथेसाठी यापेक्षा अधिक शाई खर्च करण्याचे कारण नाही.

खरा प्रश्न संघातून हाकलण्याचा आहे, कारण या मजकुराचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे आणि तो पसरवणाऱ्यांत खुद्द जॉर्डनचाही वाटा आहे.

१९७८ च्या शरद ऋतूत विल्मिंग्टनच्या लेनी हायस्कूलमध्ये निवड-चाचणी झाली, तेव्हा जॉर्डन दहावीत होता. अमेरिकेतल्या बहुतेक माध्यमिक शाळांत बास्केटबॉलचे दोन संघ असतात: शाळेचा मुख्य संघ आणि कनिष्ठ संघ. आपल्या शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. दहावीच्या मुलाला एकोणिसाखालच्या संघात न घेता ‘तू यंदा सतराखाली खेळ’ असे सांगितले तर जे होईल, साधारण तेच तेथे झाले. फरक एवढाच की तिकडची विभागणी निव्वळ वयावर होत नाही, तयारी आणि संघाची गरज यांवर होते. जॉर्डनचे नाव मुख्य संघात आले नाही, कनिष्ठ संघात आले. तो शाळेच्या बास्केटबॉलमधून एक दिवसही बाहेर नव्हता.

मुख्य संघाच्या बहुतेक जागा वरच्या वर्गांतल्या मुलांनी आधीच भरलेल्या होत्या आणि जॉर्डनच्या जागेवर, म्हणजे बास्केटपासून दूर राहून खेळणाऱ्या गार्डच्या जागेवर, खेळणारे अनुभवी खेळाडू संघाकडे होते. कमतरता होती ती उंचीची. दहावीतला एकच मुलगा वर घेण्यात आला तो लिरॉय स्मिथ, जॉर्डनचा मित्र, उंची सुमारे सहा फूट सात इंच. जॉर्डन तेव्हा पाच फूट दहा इंचांचा होता. बास्केटभोवती उसळणारा चेंडू झेलायला माणूस नसलेल्या संघाच्या प्रशिक्षकाने उंच मुलगा निवडला, यात आकस शोधायला फार कल्पनाशक्ती लागते. शिवाय मुख्य संघात गेला असता तर जॉर्डनला त्या हंगामात बाकावर बसून सामने पाहावे लागले असते; कनिष्ठ संघात तो जवळजवळ पूर्ण वेळ मैदानावर होता. एकेका सामन्यात चाळीसच्या वर गुण करण्याचा प्रकार त्याने तेथे एकाहून अधिक वेळा केला आणि मुख्य संघातली मुलेही त्याचा खेळ पाहायला लवकर येऊ लागली. पंधरा-सोळा वर्षांच्या खेळाडूला प्रत्यक्ष सामन्यांतला वेळ मिळणे किती मोलाचे असते, हे कोणताही शालेय प्रशिक्षक सांगेल.

आता जॉर्डनची बाजू. त्याने स्वतः सांगितलेली हकिगत अशी की यादी व्यायामशाळेत लावलेली होती, नावे वर्णानुक्रमे होती, आणि ‘जे’ या अक्षरापाशी आपले नाव नाही हे दिसल्यावरही तो पुन:पुन्हा तीच यादी पाहत राहिला, जणू आणखी थोडा वेळ पाहिले तर नाव उमटेल. मग घरी जाऊन तो रडला. त्याच हंगामाच्या शेवटी मुख्य संघ स्पर्धेला निघाला तेव्हा त्याने बसमधून येण्याची परवानगी मागितली आणि स्पर्धेच्या ठिकाणी आत शिरता यावे म्हणून एका मोठ्या खेळाडूचा गणवेश हातात घेऊन तो दारातून गेला, असेही त्याने सांगितले आहे. हा सल त्याने जन्मभर जपला. २००९ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे त्याचा बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, समावेश झाला, त्या समारंभाला त्याने लिरॉय स्मिथला मुद्दाम बोलावले होते आणि आपल्याऐवजी स्मिथला निवडणाऱ्या प्रशिक्षकाला ‘तुमची चूक झाली’ असे व्यासपीठावरून ऐकवले. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, सहा अजिंक्यपदांनंतर! अपमान उकरून त्यावर पेटणे हा जॉर्डनचा स्वभावच होता आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण एखाद्याला दुखावल्यासारखे वाटले म्हणून त्याच्यावर अन्याय झाला असे सिद्ध होत नाही. फिरत्या मजकुराने त्याच्या भावनेची घटना करून टाकली आणि ‘तुला खेळता येत नाही’ हे वाक्य कुणाच्या तरी तोंडी घातले.

ज्यांच्या तोंडी ते घातले गेले, ते मुख्य प्रशिक्षक क्लिफ्टन हेरिंग तेव्हा पुरते तिशीचेही नव्हते. सकाळी शाळा भरण्याआधी जॉर्डनला गाडीत घालून व्यायामशाळेत नेणारे आणि त्याच्याकडून सराव करून घेणारे हेच हेरिंग होते. पुढे मानसिक आजारामुळे त्यांची प्रशिक्षकाची कारकीर्द लवकर संपली. जगभर ‘जॉर्डनला ओळखू न शकलेला माणूस’ म्हणून त्यांची ओळख उरली, ही या गोष्टीची मला सर्वांत खटकणारी बाजू आहे.

‘केवळ जिद्दीच्या बळावर’ हा पुढचा दावा. पहिली गोष्ट म्हणजे जॉर्डन पुढच्या वर्षभरात काही इंच वाढला. अकरावीत मुख्य संघात आला तेव्हा तो सुमारे सहा फूट तीन इंचांचा होता आणि अखेर सहा फूट सहा इंचांवर थांबला. रडून किंवा पहाटे उठून उंची वाढत नाही. दुसरी गोष्ट, १९८० च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे तेव्हाचे तरुण सहायक प्रशिक्षक रॉय विल्यम्स यांच्या पुढाकाराने तो फाइव्ह-स्टार या नामांकित शिबिरात पोहोचला आणि तेथे देशभरच्या निवडकर्त्यांच्या नजरेत भरला. तिसरी गोष्ट म्हणजे त्या विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक डीन स्मिथ. त्यांच्या विद्यापीठ-संघात नवख्या मुलाला सहसा सुरुवातीच्या पाचांत जागा मिळत नसे. जॉर्डनला मिळाली आणि मार्च १९८२ मध्ये राष्ट्रीय विद्यापीठ-स्पर्धेच्या जॉर्जटाउनविरुद्धच्या अंतिम सामन्यात शेवटची काही सेकंदे उरली असताना त्यानेच निर्णायक बास्केट केली. सामना ६३-६२ असा संपला. ज्या मुलाला सगळ्यांनी नाकारले असे हा मजकूर सांगतो, त्याच्यासाठी वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत किती दारे उघडली गेली होती, हे यावरून दिसावे.

उंचीचा मुद्दा १९८४ मध्ये पुन्हा आला. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल-साखळीत संघ दरवर्षी क्रमाक्रमाने नवे खेळाडू निवडतात; त्या वर्षीच्या निवडीत ह्यूस्टनने पहिल्या क्रमांकावर हकीम ओलाजुवान घेतला, पोर्टलंडने सात फूट एक इंचाचा सॅम बोवी घेतला आणि तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला जॉर्डन मिळाला. पोर्टलंडकडे क्लाइड ड्रेक्सलर हा त्याच जागेचा खेळाडू आदल्या वर्षीपासून होता. लेनी हायस्कूलसारखाच हिशेब. येथे मात्र तो सपशेल फसला, कारण बोवीच्या पायांच्या दुखापती थांबल्या नाहीत. तरीही तिसरा क्रमांक म्हणजे नकार, असे कोणी म्हणू नये.

नऊ हजार चुकलेल्या नेमांचे वाक्य १९९७ च्या सुमारास आलेल्या नायकीच्या जाहिरातीतले आहे. बूट विकण्यासाठी ते उत्तम होते. पूर्ण कारकिर्दीचा हिशेब पाहिला तर साखळी सामन्यांत जॉर्डनने २४,५३७ वेळा बास्केटच्या दिशेने चेंडू टाकला आणि त्यांतले १२,१९२ नेम लागले, म्हणजे जवळजवळ निम्मे. प्रतिस्पर्धी संघाचा उत्तमातला उत्तम बचावपटू अंगावर असताना, तेही बहुधा बास्केटपासून दूर राहून खेळणाऱ्या गार्डने हे प्रमाण राखणे हेच त्याचे असामान्यपण. छेद लपवून फक्त अंश दाखवला की यशाचाही अपयशाचा पाढा करता येतो.

‘एकट्याने’ हा शब्द मजकुराच्या काही आवृत्त्यांत आहे, काहींत नाही. पण सूर तोच आहे. जॉर्डन खरोखर एकटा होता ती पहिली तीन वर्षे पाहा. एप्रिल १९८६ मध्ये बॉस्टनविरुद्ध त्याने ६३ गुण केले, सामना दोनदा जादा वेळेत गेला आणि शिकागो १३१-१३५ असा हरला. १९८६-८७ च्या हंगामात त्याची सरासरी सामन्यामागे ३७.१ गुणांची होती. त्या तीन हंगामांच्या बाद फेरीत मिळून शिकागोने एक सामना जिंकला आणि नऊ गमावले. त्यानंतर १९८७ मध्ये स्कॉटी पिपेन हा खेळाडू संघात आला, १९८९ मध्ये फिल जॅक्सन मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांचे सहायक टेक्स विंटर यांची त्रिकोणी आक्रमणाची पद्धत रुजली. चेंडू एकाच्या हाती थांबू न देणारी ही पद्धत जॉर्डनला आधी मुळीच आवडली नव्हती. डेट्रॉइटकडून लागोपाठ तीन वर्षे हार खाल्ल्यावर १९९१ मध्ये पहिले अजिंक्यपद आले, तेव्हा निर्णायक सामन्याच्या अखेरच्या मिनिटांत नेम मारत होता त्याचा सहकारी जॉन पॅक्सन, कारण बचाव जॉर्डनभोवती गोळा झाल्याने तो मोकळा सुटत होता आणि जॉर्डन त्याच्याकडे चेंडू देत होता. १९९७ च्या अंतिम मालिकेचा शेवटही तसाच: चेंडू जॉर्डनच्या हातात, नेम सहकारी स्टीव्ह कर याचा. त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत रंजक बदल हाच आहे आणि फिरत्या मजकुरात नेमका त्याचाच पत्ता नाही.

जिद्दीचा सिद्धान्त तपासायला जॉर्डननेच एक प्रयोगही करून ठेवला आहे. १९९३ च्या उन्हाळ्यात वडिलांचा खून झाला, ऑक्टोबरमध्ये त्याने निवृत्ती घेतली आणि १९९४ मध्ये तो बर्मिंगहॅम बॅरन्स या दुय्यम श्रेणीतल्या बेसबॉल-संघाकडून खेळला. माणूस तोच होता आणि हार न पत्करण्याचा हट्टही तोच. इतरांच्या आधी येऊन फलंदाजीचा सराव करण्याची त्याची मेहनत तेथल्या प्रशिक्षकांनी वाखाणली. १२७ सामन्यांत त्याची फलंदाजीची सरासरी .२०२ राहिली, म्हणजे पाच प्रयत्नांत जेमतेम एक यशस्वी फटका, आणि ११४ वेळा तो चेंडू न टोलवताच बाद झाला. एकतिसाव्या वर्षी, किशोरवयानंतर प्रथमच बॅट हाती धरलेल्या माणसासाठी हे वाईट नव्हते; पण त्या पातळीवर पुरेसेही नव्हते. मार्च १९९५ मध्ये तो शिकागो बुल्सकडे परतला आणि पुढे आणखी तीन अजिंक्यपदे जिंकली.

राहता राहिली मालकी. शार्लट शहराच्या एनबीए-संघाची बहुसंख्य मालकी त्याने २०१० मध्ये घेतली आणि २०२३ मध्ये विकली, त्यामुळे ‘आज मालक आहे’ हे वाक्यही आता शिळे झाले आहे. त्याआधी वॉशिंग्टनच्या संघाची सूत्रे हाती असताना, २००१ मध्ये निवडीचा पहिला क्रमांक त्याच्या वाट्याला आला आणि त्याने थेट शाळेतून आलेला सहा फूट अकरा इंचांचा क्वामी ब्राउन निवडला. ब्राउन त्या अपेक्षेला कधीच उतरला नाही. शार्लटला त्याच्या मालकीच्या काळात बाद फेरीतली एकही मालिका जिंकता आली नाही आणि २०११-१२ च्या तोकड्या हंगामात तो संघ ६६ पैकी ५९ सामने हरला. त्या हंगामात मालकाची जिद्द कमी पडली, असे कोणी म्हटल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.